पीडीएफमधला ‘िकल्ला’

गड सापडत होता. किल्ला सापडत नव्हता.

बाईंनी फोनवर नेमकं हेच सांगितलं. शाळेत त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या. निवृत्तीनंतर सह्याद्रीतले गडकोट पालथे घालून त्यांनी लेख लिहिले, २०१५ साली त्यांचं पुस्तक निघालं, प्रती संपल्या. आता दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी स्थलसूची जोडायची होती आणि हाताशी होती फक्त छापखान्याला गेलेली पीडीएफ. ‘‘अरे, शब्द माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि हा म्हणतो एकही नाही. ‘दुर्ग’ टाकला तरी एकही नाही. ‘गड’ टाकला की भराभर दाखवतो. माझं काही चुकतंय का रे?’’

बाईंचं काहीच चुकत नव्हतं. उलट त्यांच्या तक्रारीतच अर्धं निदान होतं. दस्तऐवजांची सॉफ्टवेअरं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि इतकी नेमकी तक्रार माझ्याकडे फार कमी वेळा आली आहे. मी फाइल मागवली, एक ओळ उचलली आणि साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवली. किल्ल्याचा झाला होता ‘िकल्ला’, दुर्गाचा ‘दुगर्’. गड मात्र जसाच्या तसा उभा.

ज्यांनी कधी मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिला आहे, त्यांच्या हे ओळखीचं आहे. वेलांटी आधी येते, रफार मागे जातो, ‘कार्याला’चं ‘कायार्ला’ होतं. बहुतेक जण वैतागून पुन्हा टाइप करायला बसतात. शासकीय आदेश, विद्यापीठांचे प्रबंध, जुने दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल असा गेल्या तीस वर्षांतला आपला केवढा तरी कागद या स्वरूपात साठला आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, यंत्राला नाही. हे असं का होतं आणि आज कामाला बसलेल्या डेव्हलपरला आणि डीटीपी करणाऱ्याला त्यावर काय करता येतं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कारण करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे.

◆

खिळे जुळवणारा कंपोझिटर डोळ्यांसमोर आणा. ‘किल्ला’ जुळवताना तो आधी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा उचलतो, मग क, मग अर्धा ल, मग पुरता ल, मग काना. त्याच्यापुढे उच्चाराचा प्रश्न नसतो, डावीकडून उजवीकडे आकार कसे बसतात एवढाच असतो. आपण बोलताना क आधी म्हणतो आणि इ नंतर. लिहिताना वेलांटी आधी दिसते. देवनागरीत उच्चाराचा क्रम एक आणि दिसण्याचा क्रम दुसरा, आणि दोन्ही बरोबर आहेत.

युनिकोड उच्चाराचा क्रम धरतं: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. पीडीएफ कंपोझिटरसारखं वागतं आणि आकार जसे बसले तसे नोंदवून ठेवतं. सगळा घोळ या दोन क्रमांच्या फटीत आहे.

आणि पीडीएफ तसं का वागतं, याला इतिहास आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले आणि १९८२मध्ये त्यांनी ॲडोबी काढली. पानाचं वर्णन करणारी त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८५मध्ये ॲपलच्या लेझर प्रिंटरमध्ये शिरली आणि डीटीपीचं युग सुरू झालं. पुढे १९९१मध्ये वॉर्नॉकने काही पानांचं एक टिपण लिहिलं, ‘कॅमेलॉट’ नावाचं. एका यंत्रावर तयार केलेलं पान दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तसंच दिसलं पाहिजे आणि कुठल्याही प्रिंटरवर तसंच छापलं गेलं पाहिजे, ही त्याची मध्यवर्ती चिंता. त्यातून जून १९९३मध्ये ॲक्रोबॅट बाजारात आलं आणि त्याबरोबर पीडीएफ. २००८मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ ३२०००.

त्याच १९९१ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक, आयएस १३१९४, याच वर्षीचं. आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही याच वर्षीची, जिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. म्हणजे पान कसं दिसावं याचा विचार आणि अक्षर यंत्राने कसं लक्षात ठेवावं याचा विचार, दोन्ही एकाच वर्षी पण वेगवेगळ्या खोल्यांत चालले होते. मराठीपुरतं सांगायचं तर त्या दोन खोल्यांमधलं दार अजून पुरतं उघडलेलं नाही.

आतून पीडीएफ कसं असतं ते एकदा बघण्यासारखं आहे. पानाचा आरंभबिंदू डावीकडे खालचा कोपरा, माप इंचाचा बहात्तरावा भाग. त्या मापाने ‘इतकं उजवीकडे, इतकं वर जा, अमुक फॉन्ट घे, त्यातला तीनशे बाराव्या क्रमांकाचा आकार काढ, मग शहाण्णवावा’ अशा सूचनांची रांग. शब्द, ओळ, परिच्छेद या कल्पना तिथे मुळात नाहीतच. कित्येकदा दोन शब्दांमधली मोकळी जागाही नसते. पुढचा आकार जरा लांब काढलेला असतो, इतकंच. तुम्ही शोधखिडकीत शब्द टाकता तेव्हा वाचणारं सॉफ्टवेअर या सूचनांवरून अक्षरांचा अंदाज बांधत असतं.

अंदाजाला आधार म्हणून फॉन्टसोबत एक तक्ता ठेवता येतो. त्याला टू-युनिकोड म्हणतात. तीनशे बारावा आकार म्हणजे ‘क’, शहाण्णवावा म्हणजे रफार, असा हा कोश. इंग्रजीला एवढं पुरतं, कारण तिथे दिसण्याचा आणि साठवण्याचा क्रम एकच. आपल्याला पुरत नाही. तक्ता प्रत्येक आकाराचं नाव सांगतो, पण वेलांटी आणि क यांची अदलाबदल कर, असं सांगायची सोय त्यात नाही. म्हणून ग आणि ड सुखरूप बाहेर येतात आणि किल्ला फुटतो. बाईंच्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

यावरचा उतारा मानकातच आहे आणि तो नवा नाही. २००१च्या पीडीएफ १.४पासून पानावरच्या कुठल्याही आकारसमूहाभोवती अदृश्य कंस घालून ‘याचा खरा मजकूर हा’ असं लिहून ठेवता येतं. या कंसाचं नाव ॲक्च्युअलटेक्स्ट. ‘कि’ या दोन आकारांभोवती कंस, आत उच्चाराच्या क्रमाने क आणि वेलांटी. दिसण्यात फरक शून्य. शोधताना, उचलताना, वाचून दाखवताना सगळा फरक. तेव्हापासून ही सोय उपलब्ध आहे आणि मराठी फाइली बनवणाऱ्या कितीतरी प्रणाली तिला अजून हात लावत नाहीत. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

◆

पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीची कामं करणारे अजूनही आहेत. त्यांतल्या एकांकडे मी दोन दुपारी बसलो. पेजमेकरवर हात बसलेला, आता इनडिझाइनवर काम. त्यांचा शब्दसंग्रह ऐकण्यासारखा आहे. फॉन्ट ‘फुटतो’, पीडीएफ ‘मारतात’, फाइल ‘कर्व्ह करून’ देतात.

या शेवटच्या शब्दावर मी अडलो. छापखान्यात आपला फॉन्ट नसेल, प्लेटवर मजकूर फुटेल, या भीतीने अक्षरांचं रूपांतर नुसत्या वळणदार रेघांमध्ये करून टाकतात. कोरलड्रॉमधली ही जुनी सवय. एकदा कर्व्ह केलं की फॉन्ट गेला, तक्ता गेला, अक्षर म्हणून काहीच उरलं नाही, उरल्या रेघा. अशा फाइलमध्ये किल्लाच काय, गडही सापडणार नाही. ‘‘पण मग दुसरी प्रत ठेवता का, न कर्व्ह केलेली?’’ मी विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘मागत कोणी नाही हो. अंक छापून झाला की फाइल कोण विचारतंय? जागा झाली की आम्ही उडवतो.’’

संपादकांना, प्रकाशकांना माझी पहिली विनंती इथेच आहे. छापखान्याची फाइल हवी तशी द्या. पण काम संपायच्या आत जिवंत मजकुराची एक पीडीएफ आणि मूळ मांडणीची फाइल आपल्याकडे मागून घ्या. फॉन्ट आत रुजवला तर तो फुटत नाही, आणि दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए नावाचं वेगळं मानक २००५पासून आहे. त्याच्या २०११च्या आवृत्तीत ‘यू’ हा स्तर आला. प्रत्येक आकाराचं युनिकोड सांगता आलंच पाहिजे, ही त्याची अट. तेवढ्याने क्रम सुधारत नाही, पण अक्षर हरवत तरी नाही.

त्याच दुकानातल्या फडताळात जुन्या सीड्यांची चळत होती. तिथे दुसरा आजार भेटला. युनिकोड रुळण्याआधीची आपली सगळी छपाई ज्या फॉन्टांवर झाली, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द यंत्राच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं असतो. वरून म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचा मुखवटा. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचे डीव्ही मालिकेतले फॉन्ट, आकृती, शिवाजी यांतला प्रत्येक मुखवटा वेगळा, कळांची वाटणी वेगळी. त्या फॉन्टांना नावं ठेवू नयेत. त्यांच्यामुळे मराठी छपाई संगणकावर आली, आणि तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. विंडोज २०००बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट संगणकावर पोचला, तेव्हा युनिकोड देवनागरी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मांडणीच्या सॉफ्टवेअरला आणखी वेळ लागला. इनडिझाइनने भारतीय लिप्यांना हात घातला तो २०१२च्या सीएस ६मध्ये. मधली वर्षं मुखवट्यांचीच होती.

अशी फाइल हाती आली तर आधी ओळख पटवा. पॉपलर या मुक्त संचातलं ‘पीडीएफफॉन्ट्स’ हे छोटं साधन फाइलमधल्या प्रत्येक फॉन्टचं नाव, तो आत रुजवलाय का आणि त्याला युनिकोडचा तक्ता आहे का, हे एका ओळीत सांगतं. नाव कळलं की त्या फॉन्टचा रूपांतर-तक्ता शोधायचा किंवा स्वतः बांधायचा. एक सावधगिरी: रूपांतर फॉन्टनिहाय करा, पानानिहाय नको. मराठी परिच्छेदात मध्येच खरा इंग्रजी शब्द असतो आणि सरसकट तक्ता लावला की त्याचीही निरर्थक देवनागरी होते.

◆

आता नव्याने फाइल बनवणाऱ्यांसाठी. पावती असो, दाखला असो, गुणपत्रक असो, आज बहुतेक पीडीएफ माणूस नाही, प्रोग्राम बनवतो. आणि इथे डेव्हलपरला एक विचित्र पेच भेटतो. लायब्ररीला जोडाक्षरं जुळवता येत नसतील तर पानावर ‘किल्ला’ मोडका दिसतो: वेलांटी क च्या मागे, ल चा पाय मोडलेला. पण उचलून चिकटवला तर शब्द अगदी बरोबर! लायब्ररीला जुळवणी येत असेल आणि ॲक्च्युअलटेक्स्ट येत नसेल, तर पानावर शब्द देखणा आणि आतून मोडका. पहिली चूक ग्राहक त्याच दिवशी कळवतो. दुसरी दहा वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

जुळवणीचं काम जगभर आज मुख्यतः हार्फबझ ही मुक्त लायब्ररी करते. बेहदाद एस्फाबोद या इराणी-कॅनडियन प्रोग्रामरच्या हाताने ती आजच्या रूपाला आली. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. ओपनटाइप या फॉन्टपद्धतीच्या नावाचा तो फारसी अवतार. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ती आहे. तुमच्या पीडीएफ लायब्ररीत ती आहे का, हा निवडीआधीचा पहिला प्रश्न. पायथॉनच्या एफपीडीएफ २मध्ये जुळवणी चालू करायचा स्विच आहे. तो डीफॉल्ट बंद असतो. आयटेक्स्टला भारतीय लिप्यांसाठी पीडीएफकॅलिग्राफ हा वेगळा जोड लागतो. झीटेकमध्ये ॲक्च्युअलटेक्स्टसाठी एक स्विच आहे, तो चालू करायला विसरू नका. काहीच जमत नसेल तर माझा आवडता मार्ग साधा आहे. पान एचटीएमएलमध्ये मांडा आणि पडद्याविना चालणाऱ्या क्रोमकडून त्याची पीडीएफ काढून घ्या. जुळवणी नीट होते आणि जिथे आकार व अक्षर यांचा मेळ बसत नाही तिथे क्रोम ॲक्च्युअलटेक्स्टचे कंसही घालतो.

मात्र त्या एचटीएमएलच्या माथ्यावर भाषा मराठी आहे हे लिहा. ही एक ओळ बहुतेक जण सोडून देतात. ती नसेल तर अनेक फॉन्ट आपल्याला हिंदी वळणाचे ल आणि श देतात. मराठी वळणाची रूपं त्याच फॉन्टमध्ये असतात, पण भाषेची खूण मिळाल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. शाळेत ज्या ल ची पाकळी आपण गिरवली, ती पावतीवर का दिसत नाही, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

आता चाचणी. मी प्रत्येक प्रकल्पात शब्दांची एक छोटी पुरचुंडी ठेवतो: किल्ला, दुर्ग, कार्याला, दऱ्या, वारकऱ्यांनी, ॲप, क्षेत्र, वाङ्मय, श्रद्धा, बाळ. प्रोग्रामने यांची पीडीएफ बनवायची, पॉपलरच्या ‘पीडीएफटूटेक्स्ट’ने मजकूर परत काढायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. दरवेळी कोड बदलला की ही फेरी आपोआप झाली पाहिजे. दहा शब्दांची ही चाचणी लिहायला अर्धा तास लागतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका तिने पहिल्याच दिवशी पकडल्या.

ताडताना मात्र एक गोष्ट सांभाळायची. एकच मराठी शब्द यंत्रात अनेक तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं. तोवर कोणी अ ला वर चंद्र देत होतं, कोणी ए वरच्या चंद्राचं हिंदी अक्षर वापरत होतं. वाचणाऱ्याला तिन्ही एकच, यंत्राला तीन वेगळी. आणि युनिकोडची ठरलेली सामान्यीकरणाची रीत त्यांना एक मानत नाही. तो नियम आपला आपणच लिहावा लागतो. ‘दऱ्या’मधल्या ऱ्य चंही तसंच. कोणी खास ‘ऱ’ वापरतं, कोणी र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ सामान्यीकरणाने सरळ होतो, अदृश्य जोडचिन्हाचा होत नाही. शोधयंत्रणा बांधणाऱ्याने हे सगळे प्रकार एका रूपात आणायचे, आणि शोधणाऱ्याच्या शब्दालाही तेच नियम लावायचे. एका बाजूला लावले आणि दुसऱ्या बाजूला विसरले, तर पूर्वी सापडणारं तेही सापडेनासं होतं.

◆

सह्यांबद्दल थोडं, कारण ते आता प्रत्येकाच्या घरात आलं आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८पासून मिळतो, शासन निर्णयांच्या तळाशी संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख असतो, ई-आधार तर प्रत्येकाच्या फोनमध्ये. त्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह पाहून लोक घाबरतात. त्याचा अर्थ सही खोटी असा नाही. सहीमागचं प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ यंत्रणेला तुमचं सॉफ्टवेअर ओळखत नाही, एवढाच आहे.

पीडीएफमधली सही फाइलच्या बाइट्सवर असते. म्हणून सही असलेली फाइल ‘कॉम्प्रेस’ केली, दुसऱ्या फाइलला जोडली किंवा पुन्हा पीडीएफ म्हणून छापली की सही मेली. चित्र तेवढं उरतं. फॉर्म स्वीकारणाऱ्या कितीतरी संकेतस्थळांवर फाइलच्या आकाराची मर्यादा इतकी लहान असते, की अर्जदाराला खरी सही मारून तिचं चित्र पाठवावं लागतं. ही मर्यादा ठरवणारा डेव्हलपर हा लेख वाचत असेल तर त्याने ती जरूर वाढवावी.

पीडीएफला जुन्या मजकुराला हात न लावता शेवटी भर घालता येते. सहीनंतरची टिपणं अशीच जोडायची असतात. पण हीच वाट फसवणुकीचीही आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये २२ डेस्कटॉप वाचकप्रणाली तपासल्या. २१ प्रणालींना त्यांनी बदललेली फाइल खऱ्या सहीची म्हणून पटवून दिली. सही तपासणारा कोड लिहिताना ‘सही बरोबर आहे का’ इतकंच विचारून थांबू नये. ‘ती फाइलच्या कुठून कुठवर आहे आणि त्यानंतर काय जोडलं गेलंय’ हेही विचारावं.

माहिती झाकण्याबद्दल एवढंच, की आधार क्रमांकावर काळा चौकोन काढल्याने क्रमांक जात नाही. खालचा मजकूर तसाच असतो आणि उचलता येतो. जानेवारी २०१९मध्ये अमेरिकेत राजकीय सल्लागार पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदातल्या काळ्या पट्ट्या पत्रकारांनी अशाच वाचल्या. सुरक्षेचीच आणखी एक गोष्ट: आपल्या संकेतस्थळात कोणी पीडीएफ दाखवायला पीडीएफ.जेएस बसवलं असेल, तर आवृत्ती ४.२.६७ किंवा पुढची आहे ना ते आजच बघा. २०२४च्या मे महिन्यात त्याआधीच्या आवृत्त्यांत असं छिद्र असल्याचं जाहीर झालं, की मुद्दाम बिघडवलेल्या फॉन्टच्या आडून परका कोड चालवता येत होता.

◆

स्कॅन केलेल्या कागदाचं दुःख वेगळंच. तिथे अक्षर नाही, रेघ नाही, फक्त फोटो. टेसरॅक्ट हे मुक्त साधन २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीने अक्षरं ओळखतं आणि त्यात मराठीचा वेगळा संच आहे. छापील मजकुरावर ते चांगलं चालतं. पण फोटो साठवतानाच तो बिघडला असेल तर पुढे काही करता येत नाही. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं, की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या नकाशात खोल्यांचे क्षेत्रफळाचे आकडे बदलत होते. जेबिग २ ही आकुंचनाची पद्धत सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकदाच साठवते, आणि तिने सहाच्या जागी आठ बसवला. आकडा पुसट नव्हता, स्वच्छ आणि चुकीचा होता. जमिनीचे उतारे, फेरफार, जुन्या वह्या स्कॅन करणाऱ्यांनी ही पद्धत वापरू नये. थोडी जागा जास्त जाईल, जाऊ द्यावी.

या सगळ्यात ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो, त्यांच्यासाठी हा प्रश्न सूचीचा किंवा शोधाचा नसून वाचनाचाच आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी मला भेटली. स्क्रीन रीडर तिला फाइलमधला मजकूर बोलून दाखवतो. तिने एक अभ्याससाहित्य लावलं. आवाज वेलांट्या सुट्या उच्चारत होता, रफार पुढच्या अक्षराला चिकटत होता, आणि ती डोकं किंचित तिरकं करून, प्रत्येक शब्द मनात उलगडून, अर्थ लावत होती. ‘‘सवय झालीय,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त वेळ दुप्पट लागतो. परीक्षेला वेळ सगळ्यांना सारखाच, पण तयारीला मला कमी पडतो.’’ तिला लागणारी प्रत्येक गोष्ट मानकात आहे. सर्वांना वापरता येईल अशा पीडीएफचं मानक, पीडीएफ-यूए, २०१२मध्ये आलं, त्याची दुसरी आवृत्ती २०२४मध्ये. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, वाचनाचा क्रम काय, भाषा कोणती, खरं अक्षर काय, हे सगळं त्यात सांगता येतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आपला कायदा २०१६चा आहे. मूळ मानक, पीडीएफ २.०, एप्रिल २०२३पासून पीडीएफ असोसिएशनकडून कोणालाही विनामूल्य मिळतं. पूर्वी त्यासाठी चांगले पैसे मोजावे लागत. नव्या मुलांनी ते उतरवून घ्यावं आणि निदान मजकुराचं प्रकरण वाचावं.

◆

बाईंच्या फाइलचं काय झालं ते राहिलं.

मूळ मांडणीची फाइल छापखान्यापाशी उरली नव्हती, म्हणून दुरुस्ती पीडीएफवरच करायची होती. पहिल्या दिवशी मी सरळ नियम लिहिला: आधी आलेली वेलांटी पुढच्या व्यंजनसमूहामागे न्यायची, नंतर आलेला र् आधीच्या अक्षरापुढे आणायचा. किल्ला सुधारला, दुर्ग सुधारला, कार्यही सुधारलं. आणि वारकऱ्यांनी या शब्दाचं झालं ‘वारर्कयांनी’. फॉन्टच्या तक्त्यात रफार आणि ऱ्य मधली आडवी रेघ, दोघांच्याही पुढे एकच उत्तर लिहिलेलं होतं: र आणि हलन्त. त्यामुळे ‘दुर्गयात्रा’तला र् हलवायचा आणि ‘वारकऱ्यां’तला जागीच ठेवायचा, हे मजकुराकडे बघून कळायला मार्गच नव्हता.

मजकुरात नव्हता, आकारात होता. फॉन्टमध्ये रफार हा एक क्रमांक आणि ती आडवी रेघ हा दुसरा. पानावर दोन्ही वेगळे काढलेले होते, माहिती हरवली होती ती तक्त्यात. तेव्हा मी मजकुराची दुरुस्ती सोडली आणि एक पायरी खाली उतरलो. तक्त्यातली ती एक नोंद बदलून र च्या जागी ऱ केला, मग नियम चालवला आणि मग प्रत्येक शब्दाभोवती त्याच्या खऱ्या अक्षरांचा कंस घातला. अशी फाइल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की बाहेर आलेल्या मजकुराशी झगडण्याआधी आकारांचे क्रमांक बघा. शंकास्पद शब्दांची एक यादी उरली. ती बाईंनी स्वतः तपासली, मुद्रितं तपासतात तशी, लाल पेनाने.

फाइल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, शोधखिडकीत ‘किल्ला’ टाइप केलं आणि उजवीकडे पानांची रांग उमटली. त्या बराच वेळ एकेक उघडून बघत राहिल्या. मग थांबल्या. ‘‘अरे, पण ‘किल्ल्यावर’ यात नाही आलं. ‘किल्ले’ही नाही.’’

‘‘नुसतं ‘किल्ल’ टाका, बाई. काना न देता.’’

त्यांनी काना पुसला. रांग दुपटीहून लांब झाली: किल्ला, किल्ले, किल्ल्याच्या, किल्ल्यावरून. बाईंनी वही उघडली, समास आखला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘अजिंक्यतारा’, पुढे पानांचे क्रमांक.